इतर

धंतोलीतल्या आमच्या लॅबमध्ये
दिवसाला ऐंशी-नव्वद माणसांचं रक्त माझ्या हातातून जातं.
साखर, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन,
प्रत्येक आकड्याशेजारी छापलेलं असतं
किती असावं, किती नसावं.
माझ्या पगाराशेजारी असं काही छापून आलं नव्हतं.
एकोणीस हजार पाचशे. बस.

मे महिन्याच्या तेवीस तारखेला कूलरचा पंप जळला.
बाहेर शेहेचाळीस,
घरात वाळ्याचा कोरडा वास
आणि पर्समध्ये एकशे साठ रुपये.
मिस्त्री म्हणाला, "साडेचारशेचा तर पंप आहे ताई,
एवढ्यासाठी काऊन विचार करून राहिल्या?"
विचार नव्हते करत. मोजत होते.

त्या रात्री ओली चादर घेऊन गच्चीवर पडले
आणि मानेवाड्याच्या आकाशाखाली
स्वतःलाच विचारलं,
जसं उपाशीपोटी आलेल्या पेशंटला विचारते:
शेवटचं कधी खाल्लं? काय खाल्लं?

बाद झालेल्या रिपोर्टांचे पाठकोरे कागद होते.
रेघा ओढल्या.
भाडं सहा हजार. उमरेडला आईला चार.
किराणा, गॅस, स्कुटीचं पेट्रोल.
आणि जे आठवेना ते सगळं एका ओळीत: इतर.
महिनाअखेरीस बेरीज केली.
इतर, सहा हजार तीनशे.
भाड्याहून जास्त!
म्हणजे मी मानेवाड्यात राहतच नव्हते,
'इतर'मध्ये राहत होते.

मग तेही घातलं सेंट्रिफ्यूजमध्ये आणि फिरवलं.
जड होतं ते खाली बसलं:
हर्षलच्या मोबाइलचा हप्ता, माझ्या नावावर,
"दोनच महिने भरजो नं ताई" म्हणाला होता,
सातवा सुरू होता.
गोंडाणे मॅडमची भिशी,
जिची चिठ्ठी माझ्या नावानं निघता निघत नाही.
अहेराची पाकिटं, अशा लग्नांतली
जिथल्या नवरीचं नावही आता सांगता येणार नाही.
आणि वर तरंगत राहिलं हलकं, पिवळसर:
तर्री-पोहे, चारचा चहा,
बर्डीवर घासाघीस करून घेतलेले कानातले.
इतकी वर्षं मी दोष देत होते तर्रीला.

हर्षलला फोन करायला तीन दिवस लागले.
कागद समोर ठेवला,
नाहीतर पुन्हा "बरं" म्हणून बसले असते.
"काऊन बदलली वं ताई?"
बदलले नाही रे. लिहिलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत मारबत निघाली.
गर्दी ओरडत होती, रोगराई घेऊन जा, महागाई घेऊन जा.
मी हळूच म्हटलं,
'इतर' घेऊन जा गे मारबत.
कुणाला ऐकू गेलं नाही. तिलाही नसावं,
कारण पुढच्या महिन्यातही ती ओळ होतीच.
चौदाशेची.

यंदा एप्रिलातच नवा पंप आणला. वाळाही बदलला.
"कूलर" लिहिलेल्या पाकिटात पैसे होते,
आणि उघडताना हात थरथरला नाही.
तेवीस तारीख आली आणि गेली,
मला चोवीसला कळलं.

शनिवारी एक प्लेट तर्री-पोहे.
आधीच लिहिलेली.
बरोबरच्या पोरी म्हणतात, बाप्पा, खायचंही लिहून ठेवतेस?
चव नाही का जात?
त्यांना कसं सांगू,
की कधी नव्हे ती
शेवटच्या थेंबापर्यंत ती तर्री माझी असते.

काल रात्री अकरा रुपये जुळेनात.
दोनदा बेरीज केली, पर्स झटकली,
स्कुटीची डिकी पाहिली.
नाहीत.
एवढ्याशा फरकाला
रिपोर्टवर आम्ही लाल खूण करत नाही.
'इतर'समोर लिहिलं: अकरा.
दिवा घालवला.
कूलर चालू ठेवला.